घंगाळाची नवी नेमणूक

दारात काय ठेवावं या प्रश्नाचं उत्तर मराठी घरांनी फार पूर्वीच देऊन टाकलं आहे. तुळस. वृंदावन बांधायला जागा असेल तर वृंदावन, नसेल तर तेलाचा रिकामा डबा, पण तुळसच. चपला, स्कूटर, कोपऱ्यात टेकवलेला खराटा आणि तुळस एवढ्यात आपल्या घराची दर्शनी बाजू भागते. निव्वळ शोभेसाठी म्हणून दारात काही मांडायचं, तेही मोठं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. कुणी मांडलंच तर येणारा-जाणारा थांबून विचारतो, "काय, कार्य आहे का काही?"

मला मात्र ते हवं होतं. आमच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच्या जागेला बिल्डरने नकाशात 'उद्यान' म्हटलं होतं. त्या उद्यानात पाण्याच्या मीटरची पेटी वजा जाता एक मोकळा तुकडा उरतो. तिथे मला एक भलंमोठं, पसरट, वाडग्याच्या घाटाचं भांडं दिसत असे. मध्ये शेवंती, भोवती पिटुनिया, काठावरून खाली लोंबणारं काहीतरी हिरवं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून आलेल्या पुणेकरांना असली स्वप्नं पडतातच. ती बाग सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे, म्हणजे हा आजार शहरात बराच जुना असणार.

"उंच कुंड्या का नकोत? दोन बाजूंना दोन ठेवू, बँकेत असतात तशा," असं नवरा म्हणाला. यातच सगळं आलं. उंच कुंडीत कुंडी दिसते. पसरट भांड्यात फुलं दिसतात, कारण आपण उभे असतो आणि भांडं गुडघ्याच्या खाली असतं. वरून पाहिलं की सगळा बहर एका नजरेत सामावतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो इंजिनियर आहे, त्यामुळे त्याने मान डोलावली आणि टेप आणायला गेला.

सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकलं की उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांना तोटा नाही. तिथे कुंड्या इंचावर विकल्या जातात आणि इंच म्हणजे तोंडाचा व्यास. आठ इंची, दहा इंची, बारा इंची. "तीस इंची बाऊल आहे का?" असं विचारलं की समोरचा माणूस आधी आपल्याकडे आणि मग आपल्या गाडीकडे बघतो. मग आत जाऊन निवडुंगाची चार पिल्लं लावलेलं, टेबलावर ठेवायचं एक गोजिरवाणं वाडगं घेऊन येतो. यापेक्षा मोठं हवं म्हटलं तर थेट आंब्याचं झाड लावायचा ड्रम दाखवतो. मधलं काही नाहीच. आपल्याकडे बागेतली हौस एक तर खिडकीच्या जाळीत मावते, नाही तर शेतात. मधल्या मापाची हौस कुणी करत असेल, असं कुंड्यांच्या बाजाराला अजून वाटत नाही.

एका ठिकाणी फायबरचा मिळाला. घाट अगदी हवा तसा, रंग दगडासारखा, आणि विक्रेत्याने तो एका बोटावर तोलून दाखवला. "बघा मॅडम, वजनच नाही!" त्याला वाटलं मी भाळेन. मला त्या वजनहीनतेचीच भीती वाटली. ज्या वस्तूला मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात शेजारच्या गल्लीत जाण्याची मुभा आहे, तिला मी घराचा दर्शनी भाग कसा सोपवणार? सिमेंटचे होते, त्यांना वजनच वजन. पण सिमेंटच्या कुंड्या करणाऱ्यांना रिकामी जागा पाहवत नाही. एकाच कुंडीवर द्राक्षाचे घोस, सिंहाची तोंडं आणि पंख पसरलेला हंस, आणि या सगळ्याला पांढरा चकचकीत ऑइलपेंट. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि माती अल्कधर्मी होते. लावण्याआधी भांडं पुष्कळ दिवस पाण्यात मुरवावं लागतं. तीस इंची सिमेंटचं वाडगं पाण्यात बुडवून ठेवायचं तर त्याहून मोठं भांडं लागणार, आणि तसलं भांडं सापडलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

मग कुंभार. कसब्याजवळच्या कुंभारवाड्यातले बरेच जण मुंढव्याला केशवनगरात गेले, त्यालाही आता जमाना झाला. भोवती इमारती उठल्या, पण गल्लीत शिरलं की अजून ओल्या मातीचा वास येतो आणि दारादारांत पणत्यांच्या चळती दिसतात. एका आवारात म्हातारे काका बसले होते. माझी मागणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, खोल मागाल तेवढं खोल देतो. रांजण मागा, देतो. पसरट मागू नका."

मी कारण विचारलं, तर त्यांनी चाकावरचा गोळाच दाखवला. माती उभी चढवत नेली की ती स्वतःचा भार स्वतः पेलते. बाहेर पसरवत गेलं की काठाला खाली आधार उरत नाही आणि तो बसायला लागतो. ते करत करत दाखवत होते, ओल्या बोटांनी काठ बाहेर ओढत. एका क्षणी त्या काठाला बारीकशी लहर आली, तिची लाट झाली आणि सगळा घेर एका कुशीवर कलंडला. काकांनी हसून तो परत गोळा केला. तो सावरला, तरी पुढे वाळवणीत दुसरं संकट असतं. रुंद काठ वाऱ्याला उघडा, तो आधी वाळतो आणि आक्रसतो. बूड ओलंच राहतं. या ओढाताणीत तडा जातो. त्यातूनही वाचलं तर भट्टीत जागा खातं. एका तसल्या वाडग्याच्या जागेत पणत्या किती मावल्या असत्या, हा हिशेब ते बोलले नाहीत, पण त्यांची नजर पणत्यांकडे गेली. साच्यावर थापून करता येतं म्हणाले, पण दिवाळीनंतर. ही दिवाळी की पुढची, ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी एक परळ मात्र दिलं, नवरात्रासाठी. घटस्थापनेला आपण माती पसरून तिच्यात सात धान्यं पेरतो आणि नऊ दिवस त्या पिवळसर-हिरव्या कोंबांचं कौतुक करतो. पसरट भांड्यातली बाग ही काही परकी गोष्ट नव्हे. फक्त आपण ती देवघरात करतो आणि दसऱ्याला उपटून टोपीत, केसांत खोवतो.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की मी भांडं शोधते आहे ते चुकीच्या वर्गात. शोभेसाठीच जन्मलेलं मोठं गोल भांडं आपल्या संसारात नसतंच. आपल्याकडे जे काही मोठं आणि गोल आहे ते कामाचं आहे: परात, कढई, घमेलं, डोण, हंडा, घंगाळ. शोभेच्या जागी ते येतं ते सेवानिवृत्तीनंतर. जातं थांबलं की बागेत येतं. पाटा-वरवंटा मिक्सरपुढे हरला की तुळशीपाशी जाऊन बसतो. कोकणात खळ्याच्या कडेला पाय धुवायला ठेवलेली दगडी डोण आता होमस्टेच्या दारात कमळं मिरवते. उखळ, बंब, रहाट, कंदील, सगळ्यांना शेवटी दर्शनी भागात पोस्टिंग मिळतं, आणि पाहुणे त्यांच्याबरोबर फोटो काढतात. चाळीस-पन्नास वर्षं राबल्याशिवाय आपल्या दारात नुसतं बसून राहण्याचा मान कुणाला मिळत नाही, माणसालाही.

मग मी निवृत्तांची यादी करायला बसले. पहिलं नाव घमेल्याचं. घाट निर्दोष, किंमत किरकोळ, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उपलब्ध, आणि आमच्याकडे तर जिन्याखाली फरशीवाल्याने मागे सोडलेलं एक होतंच. पण सासूबाईंनी पहिल्याच वाक्यात त्याचा निकाल लावला. "दारात घमेलं ठेवलंस तर लोकांना वाटेल बांधकाम अजून चालूच आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आचाऱ्याची जुनी लोखंडी कढई मोहक होती, पण ती पावसात गंजून फरशीवर तांबडं वर्तुळ काढणार. केबलच्या सुवर्णकाळातली गच्चीवरची मोठी डिश अँटेना नवऱ्याने सुचवली. ती आडवी टाकली तर उत्तम वाडगं होतं, यात शंका नाही. फक्त मग आमच्या फुलांकडे पाहताना माणसाने आपोआप वर, उपग्रहाकडे पाहिलं असतं.

उरळीचाही विचार झाला. केरळची उरळी, पायसाची, विशूच्या पहाटे जिच्यात कणी मांडतात ती. तिथे मान्नार नावाचं गाव काशाच्या ओतीव कामासाठी प्रसिद्ध आहे. अलीकडे पुण्यातल्या प्रत्येक नव्या फ्लॅटच्या दारात पातळ पत्र्याची एक उरळी असते, तिच्यात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि एक तरंगती मेणबत्ती. छान दिसते. पण पाणी म्हटलं की आमच्या भागात महानगरपालिकेची माणसं येतात. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, आणि पाणी मिळालं की आठवड्या-दीड आठवड्यात डास उडायला लागतो. म्हणून 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' पाळायचा, आणि भांडं नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. ज्या वस्तूला दर आठवड्याला घासायचं ती निवृत्त कसली? ती तर स्वयंपाकघरातच बरी.

तेवढ्यात नवऱ्याचा हिशेब पुरा झाला. पंच्याहत्तर सेंटिमीटर तोंडाचा नेमका अर्धगोल धरला तर त्यात ११० लिटर माती. ओली झाल्यावर दीडशे किलोच्या घरात. तेवढ्याच घेराच्या आणि तेवढ्याच खोलीच्या सरळ पिंपात याच्या दीडपट मावली असती, कारण अर्धगोल नेहमी पिंपाच्या दोन तृतीयांश. गोल आणि त्याला वेढणारा दंडगोल यांचं हे नातं आर्किमिडीजने शोधलं आणि त्याला ते इतकं प्रिय होतं की त्याच्या थडग्यावर तीच आकृती होती, हेही त्याने सांगितलं. मी म्हटलं, छान, पण उचलणार कोण? आर्किमिडीजकडे त्यावरही तरफेचं उत्तर होतं म्हणे.

त्याच्या मते भांडं लहानच घ्यावं. माझ्या मते मोठंच. मोकळ्या आभाळाखाली सगळ्या वस्तू आकसतात. दुकानात जी परात वाटते ती अंगणात वाटी दिसते. शेवटी मी सुतळीने जमिनीवर वर्तुळ आखून ठेवलं आणि चार दिवस येता-जाता बघत राहिले. माप चुकण्याची भीती काही आम्हालाच नाही. बर्लिनमध्ये कार्ल फ्रीड्रिश शिंकेल या थोर वास्तुरचनाकाराने राजासाठी नवं संग्रहालय बांधलं, १८३० साली ते उघडलं. त्याच्या मधल्या गोल दालनात ग्रॅनाइटचा एक मोठा वाडगा ठेवायचा बेत होता. पाथरवटांचा प्रमुख कांटियान याला जी शिळा मिळाली ती एवढी प्रचंड की तो म्हणाला, ठरल्यापेक्षा पुष्कळ मोठा वाडगा होईल यातून. राजाला मोह आवरला नाही. वाडगा झाला, जवळजवळ सात मीटर व्यासाचा, सुमारे पंच्याहत्तर टनांचा, वाफेच्या यंत्राने घासून आरशासारखा केलेला. आणि मग कळलं की तो त्या दालनासाठी फारच मोठा आहे. अखेर तो दारासमोरच्या बागेत मांडला. आज तो तिथेच आहे, आणि बर्लिनकर त्याला सुपाचा वाडगा म्हणतात. योहान हुमेल नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलंय, त्यात वाडग्याच्या चकाकत्या पोटाखाली फिरायला आलेली माणसं उलटी दिसतात. मला त्यातलं आवडलं ते एवढंच, की आत मावत नाही म्हणून बाहेर ठेवलं, हे राजेरजवाड्यांकडेही चालतं.

घंगाळाचा विचार आला तो जुन्या बाजारात. बुधवारी नाही तर रविवारी तिथे जावं. जुनी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, कॅमेरे, रेडिओ, पितळी घंटा यांच्या गर्दीत एका ताडपत्रीवर ते पालथं पडलेलं होतं. तांब्याचं, दोन्ही बाजूंना जाड कड्या, काठ बाहेर वळवलेला, बुडाशी आटोपशीर बैठक. सरळ करून पाहिलं तर आतला तळ काळा-हिरवा कळकलेला. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, छिन्नीने एकेक ठिपका ठोकून काढतात तसली. लग्नात आलेल्या भांड्यांवर जी असायचीच. नाव झिजलं होतं. 'मामांकडून सप्रेम भेट' एवढं स्पष्ट होतं. मी हात फिरवत उभी राहिले. विक्रेत्याने माझा चेहरा वाचला आणि भाव वाढवला.

फोटो काढून घरी पाठवला. सासूबाईंचा फोन लगेच आला. "कुणाच्या मामाचं घंगाळ आपल्या दारात कशाला? उद्या ती मुलगी रस्त्याने गेली आणि तिने ओळखलं म्हणजे?" ती मुलगी आता ऐंशीच्या आसपास असेल हे मी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तर ओळखीलच."

घरी आले तर माळ्याला शिडी लावलेली होती. आमचं घंगाळ तिथे होतं, त्यात तीन गोधड्या आणि शेवयांचा सोऱ्या. मी इतके महिने गावभर फिरत होते आणि हे घंगाळ डोक्यावर होतं, हे त्यांना ठाऊक होतं. विचारल्यावर म्हणाल्या, "तू कुंडी शोधत होतीस. हे घंगाळ आहे."

ते मी कसब्यात तांबट आळीत नेलं. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. शेकडो हातोड्यांचा तो जुना कल्लोळ आता उरलेला नाही, तरी दोन-चार घरांतून ठोके ऐकू येतात. पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकून घाट द्यायचा, आणि शेवटी मठारायचं, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके घालत जायचं. ते ठिपके नुसते नक्षीसाठी नसतात. ठोकल्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्यालाही पोक येत नाही. आमच्या घंगाळाचा अर्धा जन्म बंबाशेजारी गेला होता. कढत पाणी काढायचं, विसण घालायचं, तांब्याने अंगावर घ्यायचं. त्याने बाहेरचं मठारकाम अजून धरून ठेवलं होतं. कारागिरांनी ते उजेडात गोल फिरवून बघितलं, एक ठोका मारून नाद ऐकला आणि विचारलं, "उजळून देऊ?" मी म्हटलं, उजळा, आणि तळाला पाणी जायला एक भोक पाडून द्या.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "भोक दोन मिनिटांचं काम आहे ताई. पण मग हे भांडं राहत नाही. मग मोडीच्या भावाचं." आणि वर, "घरात मोठ्यांना विचारलंत का?"

विचारलं. पुढचा आठवडा आमच्या घरात भोकावर गेला. सासूबाईंच्या आयुष्यात फुटक्या भांड्याला एकच जागा होती, बोहारीण किंवा मोड. धडधाकट भांड्याला आपण होऊन भोक पाडायचं हे त्यांच्या कानांना ऐकवेना. मी माझा हुकमी मुद्दा काढला. "आई, महादेवाच्या अभिषेकपात्राला असतंच की भोक."

"ते महादेवासाठी," त्या म्हणाल्या. "पिटुनियासाठी नव्हे."

तांब्याबद्दलही मला एक गोष्ट कळली होती, ती मी त्यांना सांगितली नाही, नाही तर त्यांच्याच बाजूला गेली असती. ओल्या, आम्लधर्मी मातीत तांबं हळूहळू उतरतं आणि मुळांना ते सोसत नाही. कुंड्यांच्या आतून तांब्याचं संयुग फासायची एक रीतच आहे: मुळं भिंतीपाशी आली की थांबतात, गोल गोल फिरत बसत नाहीत. थोडक्यात, घंगाळालाही आपल्यात माती नकोच होती.

तेव्हा तोडगा निघाला तो नेहमीचा मराठी. घंगाळाला हात लावायचा नाही. आत काळा प्लास्टिकचा टब, त्याला हवी तेवढी भोकं. टब दोन विटांच्या तुकड्यांवर. पाणी खाली घंगाळात उतरलं तर कड्या धरून वाकवून ओतायचं, दर शनिवारी, कोरडा दिवस म्हणून. सगळा सरंजाम जात्याच्या तळीवर, म्हणजे थोडी उंचीही आली. दोन निवृत्त एकमेकांच्या आधाराने. आणि एका कडीतून साखळी ओवून ती मीटरच्या पेटीला कुलूपबंद केली, कारण तांब्याचा भाव काय आहे हे चोरालाही माहीत असतं. साखळी फुलांमागे लपते, बहुतेक.

पसरट भांड्याची एक खोड मात्र सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. कुंडीत पाणी घातलं की खालच्या थरात काही बोटं माती कायम गच्च ओली राहते, भोक असलं तरी. मातीची केशाकर्षणाची ओढ पाण्याला तिथे धरून ठेवते. हा थर किती जाड, ते मातीच्या पोतावर ठरतं, कुंडीच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत तो तळाशी राहतो आणि मुळं वर आरामात असतात. उथळ भांड्यात तोच थर निम्मी जागा व्यापतो. वर सूर्याला उघडं तोंड एवढं मोठं, की एप्रिलमध्ये वरची माती सकाळचं पाणी दुपारी विसरते. म्हणजे झाडाचं डोकं उन्हात आणि पाय चिखलात. यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय, तळाला विटांचे तुकडे आणि खापऱ्यांचा थर देणं. त्याने चिखलाचा थर तेवढाच उचलून मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. बाकी सगळं मिश्रण भरड हवं: शेणखत, कोकोपीट, जाडसर वाळू किंवा पर्लाइट. हे मी आमच्या माळीदादांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी पाठ वळताच खापऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या काढल्या. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

पावसाळा संपता संपता शेवंतीची रोपं लावली, कळ्या धरलेली. काठाला ऑफिस टाइम, कारण तो उन्हात फुलतो, दुर्लक्षावर पोसतो आणि खाली छान ओघळतो. त्याची फुलं सकाळी माणसं कामाला निघताना उमलतात, म्हणून त्याचं हे नाव. पिटुनिया थंडीत. गल्लीत बरा बोलबाला झाला. एक गृहस्थ रोज फिरायला जाताना थांबून घंगाळाकडे बघतात, फुलांकडे नाही, आणि "आमच्याकडेही होतं," म्हणून निघून जातात. त्यांच्याकडच्याचं काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही.

शेवंती भर बहरात आली ती ऐन दिवाळीत, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. "टब काढून घ्या," म्हणाल्या.

"का?"

"पहिली आंघोळ कशात करणार?"

गिझर आहे, शॉवर आहे, बाथरूमच्या दारातून घंगाळ आडवं केल्याशिवाय आत जात नाही, हे सगळं मांडून झालं. उपयोग नव्हता. नेमणूक बदलली तरी मूळ खात्याचा हक्क राहतोच, आणि अभ्यंगाच्या पहाटे घंगाळ मूळ खात्यात रुजू होणार, हे त्यांनी माळ्यावरून ते काढतानाच ठरवलेलं होतं. नवऱ्याने आणि शेजारच्या मुलाने टब उचलला, साखळी सुटली, चिंच आणि मीठ लावून घंगाळ लखलखीत घासलं गेलं आणि आत गेलं. वर्षातून ज्या चार दिवसांत सगळं गाव दारावरून जातं, नेमक्या त्याच चार दिवसांत आमच्या दर्शनी भागात काळा प्लास्टिकचा टब. तो तसा उघडा ठेवणं शक्यच नव्हतं. जिन्याखालून घमेलं काढलं, चुन्याचे डाग जमतील तेवढे खरवडले आणि टब त्यात ठेवला. माप असं बसलं की जणू एकमेकांसाठीच केलेले.

भाऊबीजेला दूधवाले पिशव्या टेकवताना शेवंतीकडे बघत म्हणाले, "छान आलीय. काम अजून किती दिवस चालणार वहिनी?"